बंगल्यातली वडी

पारशीण बाईंच्या काचेच्या पेल्यात जेवढं पीठ मावायचं, बरोबर तेवढंच राहीबाईच्या ओंजळीत मावायचं. हे कुणी ठरवून मोजलं नव्हतं. महाबळेश्वरच्या बंगल्यात राहीबाईचा तिसरा हंगाम चालू होता, तेव्हा खानसाम्याच्या हातून तो पेला निसटला आणि फरशीवर त्याचे तुकडे तुकडे झाले. संध्याकाळी पाहुणे यायचे होते. बाईंचा जीव खालीवर झाला, कारण त्यांचं सगळं मोजमाप त्या एका पेल्यावर चालायचं. राहीबाई कोपऱ्यात भांडी घासत होती. तिनं हात धुऊन पुसले, पिठाच्या डब्यात ओंजळ बुडवली, वरची शीग अंगठ्यानं पाडली आणि म्हणाली, "येवढंच आसतंय बाय." बाईंनी करून बघितलं. वड्या नेहमीसारख्याच झाल्या. पुढं मुंबईहून नवा पेला आला, तरी बाई पीठ राहीबाईच्या ओंजळीनंच घेत राहिल्या.

ही राहीबाई आंबेनळी घाटाच्या पायथ्याजवळच्या अकरा घरांच्या वाडीतली. तिथं माणसांपेक्षा म्हशी जास्त आणि सपाटीपेक्षा चढ जास्त. नवरा मालोजी म्हशी राखायचा, उतारावर नाचणी-वरी पिकवायचा आणि दिवसाला मोजून दहा शब्द बोलायचा. हंगामात वाडीतल्या बायका घाट चढून वर बंगल्यांमध्ये कामाला जात. राहीबाई अशी दहा वर्षं गेली. नारळ खवायचे, पीठ चाळायचं, भट्टीचा विस्तव राखायचा, एवढंच तिचं काम. पण बाई जे करायच्या ते ती बघायची, आणि तिनं एकदा बघितलं की ते तिच्या हातात उतरायचं.

हल्ली कृती छापून येतात आणि कागद हाती आला म्हणजे पदार्थ आला असं लोकांना वाटतं. राहीबाईला अक्षर येत नव्हतं, म्हणून तिला ती सोय नव्हती. तिला ठाऊक होतं ते असं, की लोणी आणि साखर पांढरी होईस्तोवर फेसायची. मैद्यात कोकोची भुकटी मिसळून दोनदा चाळायची. त्यात एक अंडं फोडायचं, गोळा पत्र्याच्या ताटात थापायचा आणि अर्धवट भाजून घ्यायचा. मग डब्यातल्या घट्ट गोड दुधात खवलेला नारळ कालवून त्यावर पसरायचा आणि वरून तांबूस रंग चढेस्तोवर पुन्हा भाजायचं. गरम असतानाच सुरी फिरवायची, पण उचलायची घाई करायची नाही. घाई केली की मोडते. वड्यांच्या चारी कडा बाई कापून टाकायच्या, कारण पाहुण्यांपुढं सरळ कडेची वडी लागायची. त्या कडा राहीबाईच्या वाट्याला यायच्या. ती त्या पानात बांधून घाट उतरायची आणि लेकीला द्यायची. लेक आवडी तेव्हा आठ वर्षांची होती. 'बंगल्यातली वडी' हे नाव तिनंच ठेवलेलं.

पुढं बाई थकल्या, बंगला विकला गेला, राहीबाईचं वर जाणं संपलं. आवडीचं लग्न झालं. तिला दासगावला दिली, सावित्रीच्या काठावरच्या खात्यापित्या घरात. नवरा रायबा सालस माणूस. सासू रंगूबाई गळ्यात तुळशीची माळ घातलेली, चोख, कडक, शब्दाची पक्की. तिच्या घरात अंडं-मासळी शिजत नसे आणि खोटं बोललेलं खपत नसे.

आता पुढचं जे आहे ते राहीबाईच्या बाजूनं सांगायला मला आवडत नाही. पण ते सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. आवडी पहिल्या खेपेला वाडीवर आली ती श्रावणात. दोन दिवस कळा चालल्या, सुटका होईना. मालोजीनं डोली बांधली, चार माणसं गोळा केली आणि म्हणाला, "पोलादपूरला डागतराकडं नेऊ." त्याच्या दहा शब्दांतले तीन त्यानं त्यावर खर्च केले. राहीबाई आडवी आली. पाऊस आहे, वाट निसरडी आहे, आपल्या सगळ्या बायका इथंच मोकळ्या झाल्या, हीसुद्धा होईल. हट्ट म्हणजे हट्ट. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी झाली. आवडीला शुद्ध नव्हती. मुलगी निळसर होती, संध्याकाळपर्यंत जगली आणि गेली. आवडी शुद्धीवर आली तेव्हा राहीबाई म्हणाली, "पोटातच गेलेलं होतं गो." दासगावला निरोपही तसाच धाडला. मालोजीनं ते ऐकलं आणि गप्प राहिला. तो गप्पच असायचा, त्यामुळे कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

एका खोट्यानं राहीबाईची लाज झाकली, पण त्याचं ओझं पडलं आवडीच्या अंगावर. दासगावात बोललं जाऊ लागलं की हिच्या पोटात मूल टिकत नाही. दुसऱ्या खेपेला रंगूबाईनं तिला माहेरी धाडलंच नाही, आणि तेही मूल गेलं. मग तर बोलायला कुणाला थांबवणार? साठ सालच्या मार्गशीर्षात आवडीला तिसऱ्यांदा सातवा लागला होता, आणि राहीबाईला त्या घराचं बोलावणं आलेलं नव्हतं.

त्या महिन्यात एका दुपारी रायबा वाडी चढून आला. पिशवीत तीन नारळ आणि एक पत्र्याचा डबा होता. पाणी प्यायला आणि म्हणाला, "मामी, ती जेवत नाय. दोन घास खाल्लं का उलटतंय. अंगात रगत ऱ्हायलं नाय."

"काय मागते?"

"येकच मागते. बंगल्यातली वडी. दुसरं तोंडात धरीत नाय. आयेनं बोरं आनली, चिच आनली, शेवटी म्हनाली, डोहाळा हाय, पुरवाया पायजे, न्हायतर प्वार लाळ गाळतंय. तिच्या आयेकडनं करून आन. डबा महाडात औषधाच्या दुकानात गावला."

राहीबाईनं डबा उघडून हुंगला. कोकोच होता. वास आला तशी तिला ती सगळी भट्टी डोळ्यांपुढं दिसली, आणि त्याचबरोबर हेही दिसलं की आपल्याकडे भट्टी नाही, मैदा नाही, डब्यातलं दूध नाही, चौकोनी ताट नाही. फक्त लेक उपाशी आहे एवढं खरं होतं.

मैद्यासाठी रायबा पुन्हा पोलादपूरला उतरून आला. आणलेल्या मैद्यात अळ्या होत्या. राहीबाईनं तो कोंबड्यांना टाकला आणि नाचणीच्या कणगीकडे वळली. नाचणी तिनं जात्यावर बारीक दळली आणि धुवट फडक्यातून वस्त्रगाळ केली. रंग कोकोशी इतका जुळला की रायबाला दोन्ही पिठं शेजारी ठेवून वेगळी ओळखता येईनात. ताटाचं काम मालोजीनं केलं. गोड्या तेलाचा रिकामा डबा घेऊन त्यानं बोटभर उंचीवर तळ कापला, कडा ठोकून बसवल्या, चिंच आणि राखेनं घासून आणला आणि काही न बोलता चुलीपाशी ठेवला. घरच्या म्हशीचं लोणी तीन पाण्यांनी धुतलं. सकाळचं सगळं दूध साखर घालून आटवायला ठेवलं, ते वाटीभर उरेस्तोवर राहीबाई पळी घेऊन चुलीशी बसून राहिली.

पहिला घाणा साफ फसला. काकडी आणि तांदळाच्या रव्याचं धोंडस भाजतात तसा तिनं विस्तव लावला, म्हणजे टोपाखाली निखारे आणि झाकणावर निखारे, दोन्ही सारखे. धोंडसाला ते चालतं, त्याच्यात काकडीचं पाणी असतं. इथं नुसतं लोणी. खालून कोळसा झाला, वरून खोबरं कच्चं राहिलं. शिवाय घास कडू. साखर खडी होती म्हणून तिनं ती वाटून ओंजळीनं मोजली होती, आणि वाटलेली साखर फुगते, ओंजळीत कमी बसते, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. एक नारळ वाया गेला. रायबा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मामी, हेच नेतो." राहीबाईनं त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून म्हशींना पाणी दाखवायला गेला.

दुसऱ्या दिवशी तिनं घमेल्यात नदीची वाळू चार बोटं अंथरली, तीवर पत्र्याचं ताट ठेवलं आणि वर परात पालथी घातली. खाली नावाला विस्तव, वर परातीवर भरपूर. साखर आधी मोजली, मग वाटली. परसातल्या कोंबडीचं ताजं अंडं फोडून घातलं. या खेपेला वास आला तेव्हाच तिला कळलं. परात उचलली, वरून खोबरं तांबूस, खालून पीठ घट्ट आणि सुरी फिरवली तर सरळ रेघ. रायबानं चार वड्या खाल्ल्या. मालोजीनंही एक खाल्ली आणि मान हलवली.

राहीबाई वड्या पानात बांधायला बसली आणि मध्येच थांबली. तिला अंडं आठवलं. रंगूबाईच्या घरात अंडं जात नाही.

"आमच्या आयेला कोन सांगतंय मामी?" रायबा म्हणाला. "दिसतंय काय त्यात?"

"नाय दिसत."

"मग? तिकडं ती उपाशी हाय."

लेक उपाशी आहे हे तिला जावयानं सांगायला नको होतं. पण तीन वर्षं एक खोटं ती पोटात घेऊन वावरत होती, आणि ते दर दिवशी थोडं जड व्हायचं. आता त्याच घरात, त्याच लेकीच्या तोंडी, दुसरं खोटं घालायचं तिच्यानं होईना. "पोरास्नी वाटा ह्या," ती म्हणाली. "मी दुसऱ्या करते."

नारळ आता एकच उरला होता, म्हणून तिनं आधी नुसता खालचा थर करून पाहिला. बिनअंड्याचा थर ताटातून उचलताच भुगा झाला. नाचणी मुळात कोरडी, तिला धरून ठेवणारं काहीतरी लागतं. राहीबाईनं डोकं चालवलं. नाचणीचं पीठ आधी लोण्यात खमंग परतलं, त्यातलं थोडं आटवलेल्या कढत दुधात उकडीसारखं घोटलं, ते घोटलेलं बाकीच्या पिठात मळलं आणि झाकून ठेवलं. मग थापलं, भाजलं, शेवटचा नारळ वर पसरला, पुन्हा भाजलं. निवेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. वडी धरली. कडेला जराशी झडत होती, बंगल्यातल्यासारखी काटेकोर नव्हती, पण धरली.

"द्या, निघतो मी," रायबा म्हणाला.

"मीबी येते. सातव्या म्हैन्याची ओटी आये भरते. त्याला कुनी बोलवाया लागत नाय." तिनं खण, तांदूळ आणि वड्यांचा डबा फडक्यात बांधला. पोलादपूरला उतरून दोघांनी महाडची एसटी धरली, तिथून दासगावची.

रंगूबाई पडवीत सुपात तांदूळ निवडत होती. व्याह्यांच्या घरचं माणूस दारात बघून तिनं सूप बाजूला ठेवलं, पाणी दिलं, जे करायचं ते सगळं केलं, पण हसली नाही. डबा उघडून तिनं एक वडी हातात घेतली. कडेचा चुरा तळव्यावर पडला.

"अंडं घातलंय?"

"नाय."

"घालत्यात म्हने ह्यात."

"घालत्यात. तुमच्या घरात यायची म्हनून मी नाय घातलं. त्यापायीच झडते."

रंगूबाईनं तळव्यावरच्या चुऱ्याकडे बघितलं, राहीबाईकडे बघितलं, आणि तो चुरा तोंडात टाकला. मग "आत हाय ती," म्हणून गोठ्याकडे गेली.

आवडी माजघरात भिंतीला टेकून बसली होती. गालाची हाडं वर आली होती, पावलं सुजली होती आणि नखं पांढरी पडली होती. राहीबाईनं वडी तिच्या हातावर ठेवली. आवडीनं ती लगेच खाल्ली नाही. आधी दाराकडे बघून घेतलं.

"आये, मला वडी नको हुती गो."

"मग?"

"तू पायजे हुतीस. तुला बोलवत नव्हती ती. डोहाळा म्हनला का कुनाला नाय म्हनता येत नाय. आन् असं काय मागू, जे हितं कुनालाच करता येनार नाय, त्याचा मी चार दिस इचार केला."

राहीबाई तिच्याकडे बघत राहिली. नाचणी, वाळू, तीन नारळ, दोन दिवसांची धावपळ, हे सगळं लेकीनं आईला हाक मारण्यासाठी करायला लावलं होतं.

"मागल्या येळेला सुईन म्हनाली हुती, महाडला दवाखान्यात न्या, हे आपल्या हातातलं नाय," आवडी हळू आवाजात सांगत होती. "सासू म्हनाली, काय गरज नाय. आता बी तसंच करनार ती. मी मरन गो आये ह्या खेपेला. तू सांग तिला. तुझं ऐकंल." एवढं बोलून ती वडी खायला लागली. एक खाल्ली, दुसरी घेतली. "ती नव्हं ही. पन चांगली हाय."

उलटी झाली नाही. रंगूबाई गोठ्यातून परत आली तेव्हा सून तिसरी वडी खात होती, आणि म्हातारीच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाल्याचं राहीबाईनं पाहिलं. हीच वेळ होती.

"विहीनबाय, हिला महाडच्या दवाखान्यात न्या. बाळतपन तिथंच होऊ द्या."

रंगूबाई खाली बसली. तिचा आवाज चढला नाही. "दवाखाना काय करनार? जितं असतंय त्याला दवाखाना. हिचं तर पोटातच जातंय. पहिलं तुमच्याकडं पोटात गेलं, तुमीच सांगितलंत. नशिबात नाय त्याला डागतर काय करंल?"

आता तिच्यापुढं दोन वाटा होत्या. सुईणीचं म्हणणं तिला कळलं होतं. ते एकदा तोंडावर फेकलं असतं तर रंगूबाई गप्प झाली असती. पण माणूस असा गप्प झाला की पुढं आणखी ताठतो, आणि राहणार आवडीच त्याच्या घरात. दुसरी वाट राहीबाईची स्वतःची होती आणि ती तिनं तीन वर्षं बंद करून ठेवली होती. आज तिच्याशिवाय लेक वाचत नव्हती.

"पोटात नव्हतं गेलं," ती म्हणाली.

रायबा दारात उभा होता, तो तसाच राहिला.

"जितं जल्मलं. सांजपतुर हुतं. हिच्या बापानं डोली बांधली हुती डागतराकडं न्यायला, मी नेऊ दिली नाय. माज्या हट्टानं गेलं ते. मग लाज वाटली म्हनून पोटात गेलं असं सांगितलं. हिलाबी तसंच सांगितलं." तिनं रंगूबाईकडे बघितलं, लेकीकडे बघायची तिची छाती झाली नाही. "तुमच्या सुनंत खोट नाय. खोट माझ्यात हाय. येळेवर नेली तर हिचं प्वार जगंल."

रंगूबाईचे हात मांडीवर होते ते तिनं एकमेकांत गुंतवले. तिनं विचारलं, "आन् दुसरं? ते कशानं गेलं?"

आवडीनं आईकडे बघितलं. राहीबाई म्हणाली, "त्याचं मला काय सांगता येनार? मी हितं नव्हते."

रंगूबाईनं डोळे खाली घातले. तेवढ्यात आवडीचा आवाज आला. तो आवाज राहीबाईनं आधी कधी ऐकला नव्हता.

"पोरगा हुता का पोरगी?"

"पोरगी."

"रडली का?"

"रडली. दोनदा."

"मला घेऊ दिली नाय तू."

"तुला सुद नव्हती गो."

"सांजच्याला हुती. सांजच्याला मला सुद आली हुती," आवडी म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. राहीबाईनं आणलेला खण तिच्याजवळ ठेवला. ओटी भरायला लेकीनं पदर पुढं केला नाही, आणि राहीबाईनं मागितला नाही.

रंगूबाई उठली. "रायबा, सकाळच्याला बैल जुप. महाडला जायचंय," म्हणाली. मग राहीबाईला म्हणाली, "तुमी आता जावा." ते रागानं म्हटलेलं नव्हतं, पण थांबा असंही त्यात नव्हतं. शेवटची एसटी निघून गेली होती. राहीबाई महाडपर्यंत चालत आली. वाटेत तिला रडू आलं नाही. तीन वर्षांचं ओझं उतरलं म्हणून हलकं वाटेल अशी तिची समजूत होती, तसंही काही वाटलं नाही. लेकीचं म्हणणं खरं होतं, संध्याकाळी तिला शुद्ध आली होती, आणि तेव्हा ती मुलगी शेजारच्या खोलीत अजून गार झाली नव्हती. चालता चालता राहीबाई तेवढंच पुन्हा पुन्हा आठवत राहिली.

महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं की अंगात रक्त नाही, औषध चालू ठेवा आणि नववा लागला की इथंच आणून ठेवा. रंगूबाईनं ते अक्षर न अक्षर पाळलं. हे सगळं राहीबाईला रायबाकडून कळायचं. पंधरा दिवसांनी तो यायचा, नाचणीच्या वड्या घेऊन जायचा. बाईंची कृती आता राहीबाईच्या हातात पार बदलून गेली होती. साखरेच्या जागी गूळ आला होता, कारण डॉक्टरांनी रक्तासाठी गूळ खा म्हणून सांगितलं होतं, आणि गुळानं थर पसरतो म्हणून दूध कमी झालं होतं. आवडी त्या खायची. पण निरोप काही धाडायची नाही. राहीबाई दर खेपेला विचारायची, "काय म्हनाली?" आणि रायबा, बिचारा तोंडदेखलं काही रचून सांगता न येणारा माणूस, खाली बघून म्हणायचा, "काय नाय."

माघात एका सकाळी रायबा धापा टाकत वर आला. वड्यांची रिकामी पिशवी आणायलाही विसरला होता. "पोरगी झाली. दोघी बऱ्या हाईत. चला." मालोजीनं म्हैस दोहायची तशीच सोडली आणि घरात जाऊन बायकोची वहाण बाहेर आणून ठेवली. "जा," एवढाच त्याचा त्या दिवसाचा शब्द.

दवाखान्याच्या लांब खोलीत शेवटच्या खाटेवर आवडी होती. चेहरा पिवळा, पण डोळे जिवंत. शेजारी जमिनीवर चटई टाकून रंगूबाई बसलेली, आणि तिच्या मांडीवर धुवट लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली मुलगी. राहीबाई चार हात लांब थांबली. पुढं यायला तिला कुणी सांगितलं नाही, आणि आपण होऊन पुढं जायचा आपल्याला हक्क आहे असं तिला वाटलं नाही. आवडीनं आईला पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली.

रंगूबाई मुलीच्या तोंडाकडे बघत बोलायला लागली. जणू तिलाच सांगत होती. "आडवं आलं हुतं. डागतर म्हनाला, घरी असती तर दोघीबी गेल्या असत्या." तिनं मुलीच्या अंगावरचं फडकं सारखं केलं. "दुसऱ्याच्या येळेला सुईन मला म्हनाली हुती, दवाखान्यात न्या. मी नाय म्हनले."

"ठाव हाय मला," राहीबाई म्हणाली.

रंगूबाईनं मान वर केली. "कवापासून?"

"त्या दिवसापासून."

"आन् बोलला नाय."

रंगूबाईनं पदर तोंडाशी धरला आणि ती उठली. मुलीला घेऊन ती दोन पावलं पुढं आली. राहीबाईचे हात मात्र वर होईनात. तिला स्वतःच्या हातांची भीती वाटत होती. ज्या ओंजळीवर बंगल्याचा भरवसा होता तिच्यावर आता तिचा स्वतःचा भरवसा उरला नव्हता, आणि ती मागं सरकली.

"नको विहीनबाय. माझ्या हातात नको."

खाटेवरून आवाज आला. आवडीनं मान वळवली नव्हती, ती अजून भिंतीकडेच बघत होती.

"आये, खाली बस. मांडी घाल, म्हंजे देत्यात त्या."

राहीबाई बसली आणि तिनं मांडी घातली.